नाणेघाटातले टाके आणि सोपाऱ्याचा गोविंददास

पाऊलवाट (धागाकर्ता)

नाणेघाट मी पहिल्यांदा चढलो तेव्हा माझे वय २१ होते आणि इतिहासाशी असलेला माझा संबंध शाळेच्या पुस्तकाबरोबरच संपलेला होता. एप्रिलचे दिवस होते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी पकडून आम्ही सातजण वैशाखरे गावाच्या पुढे उतरलो. समोर नानाचा अंगठा आभाळात उभा होता. ज्या मित्राने "दोन तासांत वर" असे सांगितले होते, त्याच्या दोन तासांचे साडेतीन झाले. रान संपून वाट खड्या चढाला लागली तेव्हा प्रत्येकाच्या बाटलीत घोट-दोन घोट उरले होते. अशा अवस्थेत आम्ही गुहेपाशी पोचलो. गुहेच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतल्या एकाच्या काठाशी पालथे पडून, वरचा हिरवट थर हाताने बाजूला सारून आणि बाटलीच्या तोंडाला रुमाल गुंडाळून आम्ही पाणी भरले व प्यालो. ते पाणी इतके गार होते की कपाळात कळ गेली.

मग गुहेत शिरलो. आमच्यातल्या जाणत्याने सांगितले की ही सातवाहनांची गुहा आहे, एका राणीने केलेल्या यज्ञांची माहिती भिंतीवर कोरली आहे, या घाटात जकात घेत असत आणि वर जो दगडी रांजण आहे तो संध्याकाळपर्यंत नाण्यांनी भरून जात असे. आम्ही माना डोलावल्या. डाव्या-उजव्या भिंतींवरची अक्षरे मला त्या दिवशी पावसाच्या ओघळांसारखी वाटली होती, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो, अरुंद नाळेतून माथ्यावर गेलो आणि रांजणाशेजारी उभे राहून छायाचित्रे काढली. मी त्या दगडात डोकावून पाहिले होते. तळाशी पाला आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता.

यानंतर १८ वर्षे गेली. एका सुट्टीत ग्रंथालयात बसून पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे जुने संकलन चाळत होतो. मुद्दाम काही शोधत नव्हतो. नाणेघाटाच्या पानावर राणीचा मोठा लेख होताच. पण त्याच्यानंतर, जवळजवळ तळटीप असावी तशी, एका टाक्यावरची ही ओळ दिलेली होती:

सोपारयकस गोविंददासस देयधम पोढि.

सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेले टाके, एवढाच तिचा अर्थ. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चार शब्दांत लेख संपतो. त्यात कोण्या राजाच्या कारकिर्दीचे वर्ष नाही, बापाचे नाव नाही, धंदा नाही, अमुक पुण्य मिळो असा आशीर्वादही मागितलेला नाही. ती ओळ वाचली आणि एकदम जिभेवर ते पाणी आले, रुमालाच्या सुती वासासकट. आम्ही प्यालो ते पाणी नेमके त्याच टाक्यातले होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तेथे टाकी अनेक आहेत. तरीही खालून तहानलेला जीव वर आणणाऱ्या माणसाला त्या ठिकाणी पाणी हवे असते, ही गोष्ट त्या गृहस्थाला ठाऊक होती, आणि मलाही ठाऊक होती. फरक इतकाच की ती मला ठाऊक आहे हे मला १८ वर्षे कळले नव्हते.

आता नकाशा काढून पाहा. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, त्या काळचे मोठे बंदर. तेथून कल्याण, कल्याणहून मुरबाडच्या बाजूने नाणेघाट, वर घाटघर आणि जुन्नर, आणि पुढे पैठण. समुद्रावर उतरलेला माल घाटमाथ्यावर न्यायचा आणि देशावरचा खाली आणायचा, तर या वाटेने बैल हाकावे लागत. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहावर, जो लेख आहे त्यातला दाता सुलसदत्त हाही कल्याणचाच, एका हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा, मुलगा. म्हणजे या घाटाच्या वरची लेणी पाहताना खालच्या बंदरांतली माणसे भेटत राहतात. शाळेत आम्ही "सातवाहन काळात व्यापाराची भरभराट झाली" असे वाक्य पाठ केले होते. त्या वाक्यात बैल नव्हते, उन्हाळा नव्हता आणि तहानही नव्हती.

म्हणून हा धागा. एखादी जुनी जागा आपण आधी नुसत्या पायांनी पाहिली आणि तिचा अर्थ फार उशिरा लागला, असे आपल्यापैकी कोणाचे झाले आहे का? किंवा याच्या उलट, खूप वाचून गेलात आणि तेथे पोचल्यावर वाचलेले सगळे अपुरे वाटले, असे? किल्ल्यांच्या लढायांवर येथे पुष्कळ लेखन झाले आहे, त्यामुळे ते टाळून, वाटा, पाणवठे, लेणी, बाजार अशा जागांबद्दल लिहिलेत तर मला अधिक आवडेल.

मुरबाडी

धागा वाचून आजीची आठवण झाली, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे.

माझी आजी घाटावरची. लग्न होऊन ती खाली मुरबाडकडे आली ती याच वाटेने, पायी. तिच्या तोंडी "नाणेघाट" हे नाव मी क्वचितच ऐकले. ती नुसते "घाट" म्हणे, कारण तिच्या लेखी दुसरा घाट नव्हता. माहेरी जायचे म्हणजे पहाटे कोंबड्याला निघायचे, भाकरी आणि लसणीची चटणी फडक्यात बांधायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत "राणीच्या घरात" बसून खायची. त्या गुहेला ती राणीचे घर म्हणत असे. नागनिका, सातकर्णी, सातवाहन ही नावे तिने जन्मात ऐकली नव्हती. राणी कोणती, असे मी एकदा विचारले, तेव्हा "असंल एखादी, पाण्याची सोय केली तिनं" असे तिचे उत्तर होते.

आपल्या लेखातली ओळ वाचेपर्यंत मला वाटे की आजीला काहीच माहीत नव्हते. आता वाटते की तिला नाव तेवढे चुकीचे माहीत होते.

ज्यांनी ही वाट गाडीने वर जाऊन, जुन्नरकडून पाहिली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवतो. घाटघरच्या बाजूने गेलात तर आधी सपाटी लागते, मग रांजण, मग नाळ, आणि गुहा सर्वांत शेवटी, खाली उतरल्यावर. त्यामुळे गुहा म्हणजे वाटेच्या टोकाला असलेले एक प्रेक्षणीय स्थळ वाटते. खालून चढणाऱ्याला मात्र ती बरोबर तेथे लागते जेथे दम संपलेला असतो आणि शेवटची चढण उरलेली असते. जागा निवडणाऱ्याने ती खालून चढून निवडली आहे, याबद्दल मला शंका नाही. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला जी गर्दी होते ती बहुतेक वरच्या वरच राहते, ते एका परीने बरेच आहे.

अक्षरवेल्हाळ

मुरबाडी, "राणीचे घर" हे नाव वाचून फार आनंद झाला, कारण ते वाटते तितके चुकीचे नाही.

थोडे तपशील देते. गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्रत्येकी १० ओळींचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक की पहिले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाठीमागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. आज मूर्ती गेल्या आहेत, काहींची पावले तेवढी शिल्लक आहेत आणि वर नावे आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. राणीचे नाव आपल्याला ठामपणे मिळते ते या नावांमधून. मोठा लेख बराच झिजलेला आहे आणि त्यातली कर्ती तीच असावी, असे त्यातील नात्यांच्या उल्लेखांवरून ठरवले जाते.

लेखाची सुरुवात नमनाने होते. इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. मग यज्ञांची यादी येते: अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध आणि इतर अनेक, आणि प्रत्येक यज्ञापुढे दिलेली दक्षिणा. मी ब्राह्मी शिकायला लागले तेव्हा सर्वांत आधी या दक्षिणेच्या आकड्यांनी मला पकडून ठेवले. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दक्षिणा नोंदली आहे. हा आकडा आपण लिहितो तसा पाच अंक शेजारी मांडून लिहिलेला नाही, कारण स्थानावरून किंमत ठरवण्याची पद्धत त्यात नाही. हजाराचे एक चिन्ह, त्याला वीस जोडले की वीस हजार, चार जोडले की चार हजार, मग शंभराच्या चिन्हाला चार जोडून चारशे, अशी ती मांडणी आहे. शून्य नाही आणि त्याची गरजही पडलेली नाही. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी हे अंक आहेत, आणि ते एका वाटेच्या कडेला आहेत.

मला स्वतःला त्या लेखातली वेगळीच जागा सारखी आठवते. राणीची विशेषणे देताना लेख म्हणतो: मासोपवासिनिय गहतापसाय चरितब्रम्हचरियाय. महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. नवरा गेलेला आहे, वेदिसिरी नावाचा मुलगा आहे, आणि राजाचे वैभव, घोडे, हत्ती, हजारो गाई असे सगळे मोजून झाल्यावर तिच्या वाट्याला ही तीन विशेषणे आली आहेत. मी वैधव्यात दिवस काढलेल्या बायका घरात पाहिल्या आहेत. "गहतापसा" हा शब्द पहिल्यांदा सुटा करून वाचला, त्या दिवशी मी पुढचे वाचन थांबवले होते.

गोविंददासाबद्दल एक सावधगिरी सुचवते. त्याचे नाव आणि गुहेतील वासुदेवाचे नमन एकत्र ठेवून त्याला वैष्णव ठरवण्याचा मोह होतो. "देयधम" हा शब्द मात्र बौद्ध लेण्यांतल्या दानलेखांत सर्रास दिसतो. एका नावावरून माणसाचा पंथ ठरवू नये, हे आपल्या आजच्या शेजाऱ्यांबद्दलही खरे आहे.

शंकेखोर

लेख चांगला आहे, प्रतिसाद त्याहून चांगले आहेत, आणि तरीही मला तीन ठिकाणी अडते आहे.

पहिले म्हणजे रांजण. आपण मित्राने सांगितलेली कथा नोंदवली, पण तिची तपासणी केली नाही. गुहेतल्या लेखाचा जो भाग वाचता येतो त्यात जकातीचा उल्लेख नाही. रांजणावर काही कोरलेले नाही. घाटाचे नाव नाणेघाट, दगड पोकळ, म्हणून नाणी त्यात पडत असत, ही गोष्ट मागाहून जुळवलेली वाटते. जकात घेतच नसत असे माझे म्हणणे नाही. एवढ्या वाहत्या वाटेवर कोणतेही राज्य जकात घेतल्याशिवाय राहिले नसते. मात्र "शक्य आहे" आणि "पुरावा आहे" या दोहोंत अंतर आहे, आणि आपल्याकडे ते अंतर गाइडच्या पहिल्याच वाक्यात नाहीसे होते.

दुसरे म्हणजे तहान. आपली तहान आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलवाल्याची तहान एकच, हे वाचायला गोड आहे. आपण सुट्टीच्या दिवशी हौसेने चढलात आणि रात्री घरी पंख्याखाली झोपलात. त्याच्या पाठीवर किंवा त्याच्या बैलाच्या पाठीवर दुसऱ्याचा माल होता. त्याला तेथे काय वाटले असेल, हे आपल्या घशावरून कळते असे मला वाटत नाही. भारावून जाणे आणि समजणे यांत आपण गल्लत करत आहात.

तिसरे म्हणजे गोविंददास हा सामान्य माणूस होता, असा सूर संपूर्ण लेखात आहे. कातळात टाके खोदून घेणे हे सामान्य माणसाचे काम नाही. खडक पाहावा लागतो. दोन थरांच्या मधून पाणी झिरपते ती जागा सापडली तरच ते टाके एप्रिलमध्ये भरलेले राहते, नाहीतर तो नुसता हौद होतो. ही जाण पाथरवटाची, आणि छिन्नी-हातोडाही त्याचाच. त्याचे नाव कोठे आहे?

पाऊलवाट (धागाकर्ता)

शंकेखोर, रांजणाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. मी कथा कथा म्हणूनच लिहिली, परंतु तसे स्पष्ट म्हणायला हवे होते.

तहानेबद्दल मात्र अर्धेच मान्य करीन. त्याच्या मनात काय होते ते मला कळले, असा माझा दावा नाही. टाके तेथेच का आहे, एवढेच मला कळले, आणि ते पुस्तकातून कळले नसते. मुरबाडी यांनी चढणीच्या क्रमाबद्दल जे लिहिले आहे तेच मला म्हणायचे होते, फक्त मला ते इतके नेमके सुचले नाही. वरून आलेल्या माणसाला ते दिसत नाही. चढलेल्या माणसाला दिसते. त्यासाठी भारावून जावे लागत नाही, दमावे लागते.

पाथरवटाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

वैनगंगाकाठ

पाथरवटाचे नाही, पण सुताराचे नाव माझ्याकडे आहे.

कार्ल्याच्या लेण्यात मी एकवीरेच्या दर्शनाला म्हणून गेलो होतो. आमच्याकडून, म्हणजे पूर्व विदर्भातून, तिकडे जाणे सहज घडत नाही. पुण्याला भावाकडे गेलो असता वहिनीचा नवस होता म्हणून सगळे निघालो. देवीचे देऊळ अगदी चैत्यगृहाच्या तोंडाशी आहे. दर्शनाच्या रांगेला कंटाळून मी आत शिरलो आणि बाहेरचा ढोल, गुलाल, कोंबड्यांचा कलकलाट एकदम मागे पडला. सुमारे ३८ मीटर लांबीची ती दगडी पोकळी, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, आणि वर पाहिले तर छताला लाकडी फासळ्या. मला प्रथम वाटले की दुरुस्तीसाठी कोणीतरी अलीकडे बसवल्या असतील. त्या मूळच्या आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच आहे, हे नंतर कळले. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नसते. तरी त्या लावल्या आहेत, कारण घर म्हटले की वासे हवेत, असे ते बांधणाऱ्यांना वाटत असणार.

तेथील लेखांपैकी एक मोठा प्रसिद्ध आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की त्याने पूर्ण केलेले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. सावकाराला शोभेल असेच वाक्य. त्याच लेण्यात दाराजवळ दुसरा लेख आहे: धेनुकाकटा वढकिना सामिना वेणुवासपुतेन घरस मुघ कत. म्हणजे धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने घराचे मुख केले. त्याच गावच्या एका गांधिकाचेही, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही, मुखासाठीच दान आहे, आणि खांब देणाऱ्यांत यवनही, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे परदेशीही, आहेत. सामी मात्र "दान दिले" असे म्हणत नाही. "कत" म्हणतो. केले.

मी सुताराच्या घरातला आहे. आमच्या भागात सुताराला आजही वाढई म्हणतात. लहानपणी शाळेत पुण्याच्या बाजूने आलेले एक गुरुजी मला "हा कुठला शब्द, सुतार म्हण" असे सांगत आणि मला उगीच शरम वाटे. "वढकी" हा शब्द त्या भिंतीवर आहे, हे मला त्यानंतर चाळीस वर्षांनी कळले. आता गुरुजी नाहीत, नाहीतर कळवले असते.

शंकेखोर

वैनगंगाकाठ, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. "कत" या शब्दाकडे लक्ष वेधल्याबद्दल आभार. माझा मुद्दा संपला असे म्हणत नाही, कारण एका सामीमागे नाव नसलेले शेकडो राहतातच; पण "त्याचे नाव कोठे आहे" हा प्रश्न मी जरा घाईने, उत्तर नाहीच असे गृहीत धरून विचारला होता.

भर म्हणून एक गोष्ट सांगतो. जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाचा दानलेख आहे: यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. त्यातला "बे" पाहा. माझा मुलगा सध्या पाढे पाठ करतो आहे. आपण आयुष्यात इतर कोठेही दोनाला बे म्हणत नाही, फक्त "बे एके बे" म्हणताना म्हणतो, आणि तो का म्हणतो हे मला त्याला सांगता येत नव्हते. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिल्याची नोंद आहे. म्हणजे पाणी देणे ही त्या भागातली रीतच होती, आणि ती एकट्या गोविंददासाची पुण्याई नव्हती. मी हे कौतुक कमी करण्यासाठी लिहीत नाही.

बंदरकिनारा

मी नालासोपाऱ्यात राहतो. हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो.

आमच्या गावाचे नाव घेतले की लोकांना लोकलची गर्दी आठवते, आणि त्यांचे काही चुकत नाही. सकाळी ७:४० च्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला गेला, असे आम्ही मानतो. स्टेशनपासून पश्चिमेला, आता इमारतींच्या गराड्यात, एक विटांचा स्तूप आहे. मी लहान असताना आजूबाजूचे लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड राजा कोण, हे कोणी सांगत नसे; बुरूड टोपल्या विणतात, मग त्यांचा राजा असेल तर टोपल्यांचा राजा असेल, अशी आम्हा मुलांची समजूत होती. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो कोट खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा असे एकात एक करंडक होते, आणि मातीच्या भांड्याच्या खापऱ्या होत्या. ज्यांनी त्या ठेवल्या त्यांच्या श्रद्धेने ते बुद्धाचे भिक्षापात्र होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात सापडला, आणि पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा.

हे सर्व मला ठाऊक होते. शाळेत प्रकल्प केला होता, थर्मोकोलचा स्तूपसुद्धा. तरीही "सोपारयकस" हा शब्द या धाग्यात वाचेपर्यंत माझ्या मनात जुने सोपारा म्हणजे स्तूप, करंडक आणि शिलालेख एवढेच होते. तेथे कोणी राहत असेल, सकाळी उठून कामाला लांब जात असेल आणि परक्या ठिकाणी कोणी विचारले तर "मी सोपाऱ्याचा" असे सांगत असेल, हे मनात आले नव्हते. आम्हीही बाहेरगावी असेच सांगतो. समोरचा हसतो, मग आम्ही "मुंबईजवळ" असे जोडतो.

अक्षरवेल्हाळ, "सोपारयक" मध्ये "चा राहणारा" हा अर्थ कसा आला, ते कृपया सांगाल का?

अक्षरवेल्हाळ

सोपार हे गावाचे नाव, त्याला क प्रत्यय लागून सोपारयक, म्हणजे सोपाऱ्याचा, आणि शेवटचा स हा षष्ठीचा. मराठीत आपण सोपारकर म्हणू. गोविंददास सोपारकर असे वाचून पाहा, एकदम शेजारच्या इमारतीतले गृहस्थ वाटतात. हे शास्त्रीय भाषांतर नव्हे, हे सांगायला नको.

मुरबाडी

बंदरकिनारा, जायचे असेल तर फेब्रुवारीच्या आत जा आणि खालूनच चढा. मार्चनंतर कातळ तापतो. टाक्यांत चुळा भरू नका आणि बाटल्या टाकू नका, एवढी विनंती. आजकाल ते पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही, त्यामुळे प्रत्येकी तीन लिटर खालून घेऊन जा.

बंदरकिनारा

जाऊन आलो. मुरबाडी यांच्या सूचना पाळल्या. वैशाखऱ्याच्या बाजूने चढायला मला पावणेचार तास लागले, त्यामुळे धागाकर्त्यांनी संकोच वाटून घेऊ नये.

गुहेत राणीच्या लेखासमोर बराच वेळ बसलो. २४,४०० शोधण्याचा प्रयत्न केला. हजाराचे चिन्ह ओळखता आले असे वाटते, पण खात्री देत नाही. मागच्या भिंतीवरची पावले पाहिली. त्यांच्या पुढ्यात कोणीतरी झेंडूची दोन फुले ठेवली होती.

नंतर टाक्यांपाशी गेलो. गोविंददासाचे कोणते, ते मला ठरवता आले नाही. म्हणून जे सर्वांत जवळ होते त्याच्या काठावर बसलो आणि चिठ्ठीवर उतरवून नेलेली ओळ मोठ्याने वाचली, एकदा अडखळत आणि एकदा नीट. गुरे घेऊन आलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मागे उभा होता, तो मला दिसला नव्हता. "मंत्र आहे का?" असे त्याने विचारले. मी अर्थ सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सोपारा म्हंजे नालासोपाराच ना? माझा मामा हाय तिथं. पाण्याचे लय हाल हायेत म्हनतो."

मी त्याला खालून आणलेल्या बाटलीतले पाणी देऊ केले. त्याने हसून मान हलवली, त्याच्याकडे त्याची बाटली होती.

अक्षरवेल्हाळ

उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जण लेण्याद्रीला लेख वाचायला जाणार आहोत. वैनगंगाकाठ, आपले पुण्याला येणे झाले तर आधी कळवा, दिवस त्याप्रमाणे ठरवू. कार्ल्याचे दारही पुन्हा पाहू.